उलट्या पंखाचा फेरफार

दिंडोरीहून वणीकडे जाणाऱ्या रस्त्यावर, जेथे हंगामात द्राक्षांच्या पिकअप गाड्या, कादवा कारखान्याकडे उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढीत निघालेले ट्रॅक्टर आणि सप्तशृंगीच्या दर्शनाला आलेली गुजरातकडील खासगी वाहने एकमेकांना वाट देत-घेत, बहुधा कुरकुरतच, मार्गक्रमण करीत असतात, तेथे अलीकडे एक नवे दृश्य वरचेवर नजरेस पडू लागले आहे. समोरून येणारी मोटार चारचौघींसारखीच असते. ती पुढे निघून गेली म्हणजे मात्र तिच्या डिकीवर दोन ठेंगण्या खांबांच्या आधाराने उभारलेला, रुंदीने जवळजवळ मोटारीएवढा, काळा कुळकुळीत आडवा पंख दिसतो. आमच्या आळीतील एका आजीबाईंनी तो प्रथम पाहिला तेव्हा ह्यावर कुरडया फार छान वाळतील, असा अभिप्राय दिला होता. निदान त्या वस्तूचा काहीतरी उपयोग असला पाहिजे, ही अपेक्षा त्या अभिप्रायात होती. आणि तेवढी अपेक्षाही तो पंख विकणाऱ्यांनी व विकत घेणाऱ्यांनी बाळगलेली मला पुष्कळदा आढळली नाही.

ह्या विषयात मी पडावे असे खरे म्हणजे काही कारण नव्हते. परंतु गावाबाहेर फवारणीच्या टाक्या दुरुस्त करणारा एक तरुण माझ्या परिचयाचा आहे. फायबरच्या टाकीला तडा गेला म्हणजे ती जागा खरवडून, तीवर काचधाग्याची मॅट अंथरून, रेझिनमध्ये बेताचे हार्डनर मिसळून, रोलरने एकेक बुडबुडा बाहेर काढीत तो ती अशा बेमालूमपणे सांधतो, की पुढच्या वेळी टाकी फुटलीच तर दुसऱ्या जागी फुटावी. मागील दिवाळीनंतर नाशिकच्या एका गृहस्थांनी त्याच्याकडे पंखाची मागणी नोंदवली. त्यांच्यापाशी दोन आसनांची, मागील चाकांनी ढकलली जाणारी, म्हणजे खरोखरीच स्पोर्ट्स कार म्हणावी अशी मोटार आहे. बाजारात तयार पंख मिळतात, पण ते आपल्या गाडीला नीट बसत नाहीत आणि बसले तरी ते नेमके काय करतात हे विकणाऱ्यालाच सांगता येत नाही, अशी त्यांची तक्रार होती. तरुण माझ्याकडे आला तो माझा सल्ला घेण्यासाठी नव्हे, माझ्या शेजारी राहणाऱ्या अण्णांशी गाठ घालून द्यावी म्हणून. अण्णांची सारी नोकरी ओझरच्या विमान-कारखान्यात गेली. मिग-२१ विमाने बांधण्यासाठी १९६४ साली स्थापन झालेला हा कारखाना आमच्या तालुक्याच्या वेशीवर आहे. त्याच्या धावपट्टीला लागून आमचे जानोरीचे शिवार आहे, आणि पंचक्रोशीतील कित्येक घरांत विमानाच्या पंखांवर हात फिरवलेला एखादा तरी म्हातारा माणूस सापडतो.

“अण्णा, गिऱ्हाईक म्हणतंय, मोठा पाहिजे,” तरुण म्हणाला.

“मोठा म्हणजे किती? आणि कशासाठी?” अण्णांनी चष्मा कपाळावर चढवला. “दाब किती पाहिजे ते विचार आधी. मग लांबी-रुंदी आपोआप निघते.”

दाब किती पाहिजे, हा प्रश्न त्या तरुणाला तोवर कोणी विचारलेला नव्हता, आणि माझ्या समजुतीप्रमाणे तो ह्या धंद्यात सहसा कोणी कोणाला विचारीत नाही. ह्या लेखाचे मूळ तेथे आहे.

पंखाची गोष्ट समजून घ्यायला येवल्याच्या संक्रांतीचे स्मरण उपयोगी पडते. आसारीवरचा, म्हणजे चक्रीवरचा, दोरा सैल सोडण्यापूर्वी पतंगाची गाठ किंचित वर किंवा खाली सरकवून त्याचा वाऱ्याशी होणारा झुकाव ठरवला जातो. तो झुकाव नेमका साधला तर पतंग आकाशाला भिडतो, आणि केसभर चुकला तर गटांगळ्या खातो. विमानाचा पंख हे ह्याच तत्त्वाचे प्रगल्भ रूप होय. मोटारीचा पंख म्हणजे तोच पंख पालथा घातलेला: विमानाला जो वर उचलतो, तो येथे मोटारीला खाली दाबतो. त्याची गरजही खोटी नाही. मोटारीचे छत वर फुगीर आणि पोट सपाट असल्यामुळे वाऱ्याच्या दृष्टीने सारी मोटारच एक ओबडधोबड पंख असते, आणि वेग वाढत जातो तसतशी ती रस्त्यावर हलकी होत जाते. १९९८ मध्ये विक्रीला आलेली आउडी टीटी ही देखणी, पाठीमागे गोलाकार उतरत गेलेली मोटार जर्मनीच्या महामार्गांवर अतिवेगात मागील बाजूने सुटू लागली, भीषण अपघात झाले, आणि अखेर कंपनीने विकलेल्या मोटारी परत बोलावून त्यांच्या डिकीच्या कडेला एक चिमुकली पट्टी बसवून दिली, तिच्या जोडीला इतरही दुरुस्त्या केल्या. रेखनकाराच्या डोळ्याला जी रेषा निर्दोष वाटली होती ती वाऱ्याला मान्य नव्हती.

आता आकडे. अण्णांनी ते माझ्याच वहीच्या पाठकोऱ्या पानावर मांडले. पंखाचा दाब काढण्याचा हिशेब असा, की हवेच्या घनतेचे अर्ध, वेगाचा वर्ग, पंखाचे क्षेत्रफळ आणि पंखाच्या आकार-झुकावावर अवलंबून असणारा एक गुणक ह्या चौघांचा गुणाकार करावयाचा. पंख १.४ मीटर लांब आणि पाव मीटर रुंद धरला, एक घनमीटर हवा १.२ किलो भरते असे धरले, आणि गुणक स्थूलमानाने १ मानला, तर ताशी ६० किलोमीटर वेगाला तो सहा किलो दाब देतो. वेग दुप्पट केला, म्हणजे १२०, तर दाब चौपट, २४ किलो. ताशी २०० किलोमीटरला ६६ किलो. आमच्या बाजारात टोमॅटोचा क्रेट २० किलोचा असतो, तेव्हा दिंडोरीच्या भाषेत सांगावयाचे तर वणी रस्त्यावर, जेथे ट्रॉल्यांच्या मागे ६०चा वेग मिळाला तरी नशीब, तो भव्य पंख पाव क्रेटहून थोडे अधिक काम करतो; आणि समृद्धी महामार्गावर, जेथे कायद्याने मिळणारा कमाल वेग १२० आहे, सव्वा क्रेटच्या आतबाहेर. बाराशे किलोच्या मोटारीला हे शेकडा दोन होय.

येथे चतुर वाचक विचारील, की मग डिकीत टोमॅटोचा एक क्रेटच टाकून का जाऊ नये? हा प्रश्न मीही विचारला होता, आणि अण्णांनी माझ्याकडे ज्या नजरेने पाहिले ती मला अजून आठवते. क्रेट मोटारीला दाबतो खरा, पण वळणावर तोच क्रेट बाहेर फेकला जाऊ पाहतो, आणि त्याला वळवण्यासाठी टायरांना जादा राबावे लागते. जेवढी पकड तो मिळवून देतो तेवढी स्वतःच खाऊन टाकतो. वाऱ्याचा दाब तसा नाही. त्याला वजन आहे, पण वस्तुमान नाही. तो टायरला रस्त्यावर रेटतो आणि वळणावर मात्र काही मागत नाही. पंखाची सारी किमया ह्या एका भेदात आहे, आणि तिची किंमत तो वाऱ्याच्या रोधाच्या रूपाने, म्हणजे इंधनाने आणि गमावलेल्या वेगाने, वसूल करतो.

आणखी एक गोष्ट त्याच पानावर निघाली. पंख मागील चाकांच्याही मागे बसतो. मागच्या आसापासून तो ८० सेंटिमीटर मागे असेल आणि दोन आसांतील अंतर अडीच मीटर असेल, तर २४ किलोच्या दाबाने मागील चाकांवर ३२ किलोंच्या आसपास भार वाढतो आणि पुढील चाकांवरचा पावणेआठ किलोंनी घटतो. बैलगाडीत भार मागे गेला की गाडी उलाळ होते, हे ज्याने कधी कडबा भरला आहे त्याला सांगावे लागत नाही. आपल्या रस्त्यांवरच्या बहुसंख्य लहान मोटारी पुढील चाकांनी ओढल्या जातात. त्यांच्या डिकीवर मोठा पंख लावणे म्हणजे जी चाके ओढतात आणि वळवतात त्यांचाच भार काढून घेणे होय. शर्यतीतल्या मोटारीला म्हणूनच पुढेही पंख असतात. आमच्या वणी रस्त्यावर पुढचा पंख लावलेली मोटार मी अद्याप पाहिली नाही. तो आरशात दिसत नाही आणि छायाचित्रात फारसा उठून दिसत नाही, हे त्याचे कारण असावे.

ह्या पालथ्या पंखाचा इतिहास मोठा उद्बोधक आहे. १९२८ साली फ्रिट्झ फॉन ओपेलच्या रॉकेट-मोटारीला दोन्ही बाजूंना असे पंख होते. १९५६ मध्ये मायकेल माय नामक स्विस अभियंत्याने आपल्या पोर्शे मोटारीवर, चालकाच्या डोक्यावर, एक भलामोठा पंख बसवून ती न्युर्बुर्गरिंगला नेली, तर तेथील संयोजकांनी तो उतरवायला लावला. पुढे टेक्ससच्या जिम हॉलने १९६६ मध्ये आपल्या शॅपरल मोटारीवर उंच खांबांवरचा पंख उभारला. त्याचे खांब थेट मागील चाकांच्या जोडावर टेकवलेले होते आणि सरळ रस्त्यावर चालकाला पायाने तो सपाट करता येत असे. मग सर्वांनाच पंख फुटले. ४ मे १९६९ रोजी बार्सिलोनाच्या माँटजुइक टेकडीवरच्या शर्यतीत लोटस संघाच्या दोन्ही मोटारींचे उंच पंख एकामागून एक कोसळले, ग्रॅहम हिल आणि योखेन रिंट हे दोघे चालक भयंकर अपघातांतून वाचले, आणि त्याच महिन्यात मोनॅकोला नियामक संस्थेने पंखांवर सरसकट बंदी घातली. येथवरची गोष्ट आपल्या परिवहन खात्याला फार आवडेल. पण ती येथे संपत नाही. त्याच वर्षी पंख परत आले. फक्त आता त्यांना उंचीची मर्यादा होती, ते मोटारीच्या मुख्य सांगाड्याला जखडलेले असावेत अशी अट होती, आणि शर्यत चालू असता ते हलता कामा नयेत असा दंडक होता. बंदी हा पहिल्या धक्क्याचा हुकूम होता, नियम हा विचारांती केलेला बंदोबस्त. नियमांनंतरही १९७५ साली त्याच टेकडीवर एका मोटारीचा मागील पंख तुटून ती प्रेक्षकांत गेली आणि माणसे मेली, म्हणजे नियमांनी संकट समूळ नाहीसे होते असे मी म्हणत नाही. तथापि संकट नेमके कोठे आहे, म्हणजे खांबात आणि जोडात, हे तरी त्यांनी दाखवून दिले.

हे सारे परक्यांचे शास्त्र आहे असे कोणी म्हणेल, तर त्याला विष्णु माधव घाटगे ह्यांची आठवण करून दिली पाहिजे. कोल्हापूरकडच्या हसूरचे हे गृहस्थ गटिंगेनला लुडविग प्रांटल ह्यांच्या हाताखाली शिकले आणि १९३६ साली तेथून डॉक्टर होऊन आले. पृष्ठभागाला चिकटून वाहणाऱ्या हवेच्या पातळ थराचा सिद्धांत १९०४ मध्ये मांडणारे, आणि पंखाच्या टोकांशी भोवरे का उठतात ह्याची गणिती उकल करणारे प्रांटल ते हेच. स्पोर्ट्स कारच्या पंखाच्या दोन्ही टोकांना ज्या उभ्या पाट्या असतात, त्यांचे समर्थन प्रांटलच्या उकलीत आहे. मागच्या काचेवरून वारा का सुटतो, ह्याचे उत्तरही त्यांच्याच थराच्या सिद्धांतात आहे. घाटगे ह्यांनी परत येऊन एचटी-२ हे संपूर्ण भारतीय रचनेचे विमान सिद्ध केले, ते ऑगस्ट १९५१ मध्ये उडाले. चौपाटीवर १८९५ साली तळपद्यांचे विमान उडाल्याची आख्यायिका आपल्याकडे शाळकरी पोरांनाही मुखोद्गत असते, आणि जे खरोखर उडाले त्याच्या कर्त्याचे नाव दहांतल्या नऊ पदवीधरांना सांगता येत नाही. चालायचेच.

तर त्या तरुणाने अण्णांच्या देखरेखीखाली काम आरंभले, आणि मला निवृत्तीत जे बहुधा मिळत नाही ते, म्हणजे रोज सकाळी जाऊन बसण्याजोगे एक ठिकाण, मिळाले. पहिला आठवडा तर पंखाचे नावही निघाले नाही. लोकरीचे वीतभर धागे मोटारीच्या छतावर, मागील काचेवर आणि डिकीवर चिकटपट्टीने ओळीने लावले, आणि पहाटे रस्ता मोकळा असताना ताशी ऐंशीच्या आत ती मोटार चालवीत मागून दुसऱ्या गाडीतून मोबाईलवर तिचे चित्रण केले. छतावरचे धागे शिस्तीच्या पलटणीसारखे सरळ मागे निजलेले होते. काचेच्या निम्म्या उंचीपाशी त्यांची चलबिचल सुरू झाली, आणि डिकीवरचे धागे तर चक्क उलटे, पुढच्या दिशेला तोंड करून थडथडत होते. तेथे वारा वाहत नव्हता, भोवऱ्यात घुसमटत होता. आणि बाजारातले तयार पंख नेमके त्याच पट्ट्यात, डिकीपासून टीचभर उंचीवर बसवलेले असतात. अशा जागी बसवलेला पंख हे विहिरीच्या कोरड्या अंगाला लावलेले इंजिन आहे.

म्हणून पंख उंच न्यावा लागला. पण फार उंच नेला तर छतावरून खाली झुकत येणारा प्रवाह सुटतो, खांब लांबून डुलू लागतात, आणि चालकाला आरशात मागचे वाहन दिसेनासे होते. झुकावाचेही तसेच. “अँगल वाढवला की दाब वाढणार ना, अण्णा?” ह्या प्रश्नावर अण्णांचे उत्तर होते, “बारा-पंधरा अंशांपर्यंत. पुढे वारा पंखाची खालची बाजू सोडून देतो, आणि मग तुझा पंख नुसती फळी.” काम खालची बाजू करते, हे मला तेथे प्रथम कळले. मला वाटे, वारा वरून पंखाला दाबतो. वस्तुतः खालून वेगाने जाणारा वारा त्याला खाली ओढतो, आणि म्हणून खालच्या अंगाला खांबांची अडगळ नसावी ह्यासाठी गेल्या दीड दशकात शर्यतीच्या मोटारींत खांब राजहंसाच्या मानेसारखे वर वळवून पंख वरून टांगण्याचा प्रघात पडला आहे. पंखाच्या मागील कडेला बोटभर उंचीची एक काटकोनी पट्टी असते, ती १९७१ मध्ये डॅन गर्नी ह्या अमेरिकन चालकाने काढली. इतकी क्षुल्लक दिसणारी पट्टी एवढा फरक करते ह्यावर जाणत्यांचाही प्रथम विश्वास बसत नसे. आमच्या तरुणाने ती ॲल्युमिनियमची केली आणि स्क्रूने बसवली, म्हणजे काढता-घालता यावी.

खरी परीक्षा पुढे होती. २०० किलोमीटरला ६६ किलो, त्याची दुप्पट करून वर थोडे, म्हणून १४० किलो, म्हणजे सात क्रेट, एवढा भार पंखाने आणि त्याच्या जोडाने निमूटपणे सोसला पाहिजे, असे अण्णांनी फर्मावले. भंगारातून तसल्याच एका मोटारीची डिकी आणवली, तीवर पंख बोल्टांनी बसवला, पंखावर गोणपाट टाकून फळी ठेवली आणि क्रेट चढवू लागले. टोमॅटोचा भाव त्या आठवड्यात असा होता की क्रेट द्यायला कोणीही हरकत घेतली नाही. दुसऱ्या क्रेटला डिकीचा पत्रा बोल्टांभोवती वाटीसारखा खचला. पत्र्याची जाडी पाऊण मिलिमीटर. पंख लाख चांगला, पण तो उभा होता पापडावर. तिसरा क्रेट चढवलाच नाही. मग पुढचे पंधरा दिवस पंखाला कोणी हात लावला नाही. खांब डिकीऐवजी बंपरच्या मागील सांगाड्यापर्यंत उतरवले, आतून जाड पट्ट्या दिल्या, आणि पुन्हा सात क्रेट चढवून रात्रभर ठेवले. सकाळी अण्णांनी दोऱ्याने मापले, मग भार उतरवून पुन्हा मापले, आणि काही न बोलता चहा मागवला.

आता कायद्याकडे वळतो. मोटार वाहन कायदा, १९८८, ह्याच्या कलम ५२ प्रमाणे उत्पादकाने मुळात दिलेल्या तपशिलाशी विसंगत असा फेरफार मालकाला करता येत नाही, आणि ९ जानेवारी २०१९ रोजी सर्वोच्च न्यायालयाने केरळातील एका प्रकरणात हा दंडक कडकपणे उचलून धरला. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेले कलम १८२-अ सांगते, की परवानगीविना असा बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कारावास, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात. फेरफार म्हणजे काय, तर वाहनाच्या रचनेतील असा बदल की ज्याने त्याचे मूलभूत स्वरूप पालटते, असे स्पष्टीकरण कलम ५२ मध्येच आहे. परंतु चार बोल्टांचा पंख मूलभूत स्वरूप पालटतो की नाही, ह्याचा निवाडा शेवटी नाक्यावरचा शिपाई उन्हात उभा राहून करतो. तो कधी ‘चालू द्या’ म्हणतो, कधी पावती फाडतो, आणि त्याच्यापाशी मापाचे काही साधन नसल्यामुळे त्याला दोष देण्यात अर्थ नाही.

बंदीला माझा विरोध आहे असे कृपा करून समजू नये. ७ डिसेंबर २०१७ च्या पत्रकाने मोटारींच्या पुढील लोखंडी बुलबार निषिद्ध ठरवले गेले, ते योग्यच झाले. ते पादचाऱ्याच्या जिवावर बेततात. पापडावर उभा केलेला पंखही भर रस्त्यात सुटून मागील मोटारसायकलवाल्याच्या गळ्याशी जाईल, आणि त्या गुन्ह्याला पाच हजार मला कमी वाटतात. माझे म्हणणे इतकेच, की ज्या सरकारी यंत्रणेला फेरफार हा शब्द पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक आहे तिने तो मोटारीच्या बाबतीत असा गुन्हा म्हणून का वापरावा? जमिनीचा फेरफार हा गुन्हा नव्हे. वारसाने, खरेदीने, वाटणीने जमिनीत बदल होतो, त्याची नोंद तलाठी गाव नमुना ६ मध्ये घेतो, हितसंबंधितांना नोटीस निघते, हरकतीला पंधरा दिवसांची मुदत असते, मग मंडळ अधिकारी ती नोंद प्रमाणित करतो आणि सातबाऱ्यावर अंमल येतो. ह्या शिरस्त्यात विलंब आहे, हेलपाटे आहेत, चिरीमिरीही आहे. पण बदल होणारच हे त्यात गृहीत धरलेले आहे, आणि तो कोणी, केव्हा, कशाच्या आधारे केला हे कागदावर राहते.

मोटारीलाही हा मार्ग अगदी अपरिचित नाही. पेट्रोलच्या गाडीला मागाहून सीएनजी किट बसवता येते. किट मान्यताप्राप्त असावे लागते, बसवणारा मान्यताप्राप्त असावा लागतो, आणि आरसी बुकात तशी नोंद होते. अतिदाबाच्या वायूची टाकी मागच्या आसनामागे ठेवायला जे खाते विधियुक्त मंजुरी देऊ शकते, त्याला दीड मीटरच्या पंखाची तजवीज करता येऊ नये, हे मला पटत नाही. पुण्याच्या वेताळ टेकडीवर १९६६ पासून वाहन-संशोधनाची संस्था उभी आहे, ती ह्याच तऱ्हेची मान्यता देते. जर्मनीत तर मागाहून बसवायच्या सुट्या भागाला स्वतंत्र परीक्षणाचा दाखला मिळतो. तो भाग कोणत्या मोटारीवर, कसा आणि कोणत्या अटींवर बसवावा हे त्यात लिहिलेले असते, आणि गाडी अडवणाऱ्याला तो कागद दाखवता येतो.

आणि हा आग्रह दिंडोरीने धरावा हे साजेसे आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराईडच्या अवशेषांवरून आपल्या द्राक्षांचे कंटेनर युरोपात अडकले, आणि त्या हंगामाचा घाव ह्या तालुक्याने सोसला. तेव्हापासून आमचा बागाईतदार मापाच्या बाबतीत जो शहाणा झाला तो झालाच. मण्याचा व्यास मिलिमीटरमध्ये, गोडी ब्रिक्समध्ये, औषधाचा अवशेष प्रयोगशाळेच्या अहवालात. बागेला नोंदणी क्रमांक, आणि परदेशी पोहोचलेल्या पेटीवरून ती कोणाच्या कोणत्या बागेतली हे शोधून काढण्याची सोय. ज्या माणसाला एक मणी मापावाचून विकता येत नाही, त्याचा मुलगा मात्र अंगठ्याएवढ्या छायाचित्रावरून पंधरा हजारांचा पंख मागवतो, त्याच्या खोक्यात चार स्क्रू आणि एक दुतर्फा चिकटपट्टी निघते, आणि किती वेगाला किती दाब हा प्रश्न त्या घरात कोणालाही सुचत नाही.

केवळ शोभेसाठी पंख लावणाऱ्यांवर माझा राग नाही. पोळ्याला बैलांच्या शिंगांना बेगड लावतात, त्याने नांगरट सुधारते असे कोणी म्हणत नाही. शोभेचा पंख शोभेचा म्हणून विकावा, त्याच्या कडा गोल असाव्यात, तो हाताने ओढून उपटता येऊ नये, आणि नाक्यावरच्या शिपायानेही त्याकडे बेगड म्हणूनच पाहावे. पण ज्या पंखाच्या जाहिरातीत दाबाचा आणि पकडीचा उल्लेख असेल, त्याच्यासोबत सहीचा एक कागद असलाच पाहिजे: कोणत्या मोटारीवर, कोणत्या उंचीला आणि झुकावाला, कोणत्या वेगाला किती किलो, आणि जोड किती भाराला तपासला. आमच्या तरुणाने असा कागद केला. अक्षर त्याचे, आकडे अण्णांचे, आणि व्याकरणापुरता हात माझा. अण्णांनी सही करण्यापूर्वी ‘गुणक अंदाजे धरला आहे’ ही ओळ स्वतः घातली, आणि तरुणाने ती काढू का म्हणून विचारले तेव्हा त्याच्याकडे त्याच नजरेने पाहिले, ज्या नजरेने टोमॅटोच्या क्रेटबद्दल माझ्याकडे पाहिले होते.

मालक गृहस्थांनी पंख पसंत केला. कोइमतूरला करी मोटर स्पीडवेवर मोटार पळवण्याचा त्यांचा बेत होता, आणि शर्यतीच्या बंदिस्त मार्गावर त्या पंखाला कोणाची हरकत नव्हती. हरकत होती ती तेथपर्यंतच्या सरकारी रस्त्यांवर. मोटारीवर बसवून नेला तर वाटेत किती नाके लागतील ह्याचा हिशेब कोणालाच करता येईना, आणि दोन आसनांच्या मोटारीत दीड मीटरची वस्तू आत ठेवायला जागा नव्हती. अखेरीस जानेवारीतल्या एका संध्याकाळी दक्षिणेकडे द्राक्षे घेऊन निघालेल्या गाडीत, क्रेटांच्या वरच्या थरावर, जुन्या चादरीत गुंडाळून पंख ठेवला. ड्रायव्हरने ताडपत्रीची दोरी ओढताना विचारले, “हे काय, पंख्याचं पातं का?” तरुण म्हणाला, “हो, तसंच.” कागद त्याने घडी घालून चादरीच्या आत, गर्नीच्या पट्टीखाली खोचला होता.